एक माणूस, चार जन्मभूमी

ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात राहून गेलेला एक जर्मन सुतार. १८६० च्या अमेरिकी जनगणनेत त्याचा जन्म हॅनोव्हरचा, वय २७. दहा वर्षांनंतरच्या जनगणनेत जन्म प्रशियाचा, वय ३५. १९०० साली जन्म जर्मनीचा, फेब्रुवारी १८३३. मृत्यूच्या दाखल्यात जन्मगाव ब्रेमेन, तारीख १२ फेब्रुवारी १८३३. आणि १८५४ साली तो ज्या जहाजातून उतरला त्याच्या यादीत वय २४, म्हणजे जन्म १८३० च्या आगेमागे. हा सुतार मी नमुन्यादाखल रचलेला आहे. त्याच्या नोंदींसारख्या नोंदी मात्र जर्मन पूर्वज शोधणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातात पडतात. पणतू कागद टेबलावर मांडतो आणि विचारात पडतो, हा एक माणूस की तिघे?

१८२० ते १९१४ या काळात पन्नास लाखांहून अधिक जर्मन माणसं अमेरिकेत गेली. एकट्या १८८२ साली गेलेल्यांचा आकडा अडीच लाखांच्या घरात जातो. त्यांचे वंशज आज कुळशोध घेतात तेव्हा त्यांना कागद पुष्कळ सापडतात, पण ते एकमेकांशी बोलत नाहीत. नवशिके अशा वेळी दोनपैकी एक वाट धरतात. एक म्हणजे बहुमत. पाचपैकी तीन कागद जे सांगतात ते खरं. दुसरी म्हणजे ज्येष्ठता. सगळ्यात जुना कागद खरा. दोन्ही वाटा फसतात. नोंदींची मतमोजणी करून भागत नाही, त्यांची उलटतपासणी घ्यावी लागते. कोणी सांगितलं, कोणी लिहिलं, किती वर्षांनी लिहिलं आणि कशासाठी विचारलं होतं? या चार प्रश्नांपुढे निम्मे वाद आपोआप विरघळतात. उरलेल्या निम्म्यांतून पूर्वजाविषयी बरंच काही कळतं.

देश बदलला, गाव जागेवरच

सगळ्यात सोपा वाद जन्मस्थळाचा, आणि सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथेच. १८७१ पूर्वी जर्मनी नावाचा एक देश नव्हता. १८१५ नंतर जो जर्मन महासंघ उभा राहिला त्यात प्रशिया आणि ऑस्ट्रियासारख्या सत्तांपासून एकेका शहराच्या राज्यापर्यंत ३९ घटक होते. आपल्या सुताराचं गाव ओस्नाब्र्युक शहराजवळचं. ते १८६६ पर्यंत हॅनोव्हरच्या राजाचं होतं. त्या वर्षीच्या युद्धानंतर प्रशियाने हॅनोव्हर, नासाऊ, कासेलचं हेसे आणि फ्रांकफुर्ट गिळून टाकलं. १८७१ मध्ये साम्राज्य झालं. म्हणजे १८६० चा हॅनोव्हर, १८७० चा प्रशिया आणि १९०० चा जर्मनी, तिन्ही नोंदी आपापल्या वर्षी बरोबर आहेत. गाव जागचं हललं नाही, वरची पाटी बदलत गेली.

या पाट्या वाचताना आणखी दोन-तीन सापळे आहेत. ‘बव्हेरिया’ वाचून म्युनिकच्या आसपास शोध घेणारे महिनेच्या महिने वाया घालवतात, कारण ऱ्हाइनच्या पश्चिमेचा फाल्त्स प्रांत १८१६ पासून बव्हेरियाच्याच ताब्यात होता, म्युनिकपासून शेकडो किलोमीटर दूर, आणि तिथून माणसं भरभरून अमेरिकेत गेली. ‘डार्मश्टाट’ लिहिलेलं असेल तर ते शहर असेलच असं नाही. हेसे-डार्मश्टाट नावाच्या सबंध राज्याचंही ते आखूड नाव असे. अल्सेसचा माणूस १८७० मध्ये फ्रान्सचा, १८८० मध्ये जर्मनीचा आणि १९२० मध्ये पुन्हा फ्रान्सचा. ‘ब्रेमेन’ किंवा ‘हांबुर्ग’ दिसलं की आधी शंका घ्यावी. ही बंदरं. वडिलांनी बोटीच्या गोष्टीत शंभरदा घेतलेलं नाव मुलांच्या डोक्यात जन्मगाव म्हणून बसतं.

राज्य ठरवायला एक कागद फार कामाचा, नागरिकत्वाचा. अमेरिकेचं नागरिकत्व घेताना आधीच्या राजाची निष्ठा नाव घेऊन सोडावी लागे. प्रशियाचा राजा, बाडेनचा ग्रँड ड्यूक, व्युर्टेम्बर्गचा राजा. इथे शपथ कायद्याची आणि प्रश्न नेमका, त्यामुळे उत्तरही सहसा नेमकं मिळतं. मात्र १९०६ च्या कायद्यापूर्वी हे काम कुठल्याही लहानमोठ्या न्यायालयात होई आणि कागदावर बहुधा राजाच्या पलीकडे काही नसे. १८५५ ते १९२२ या काळात नवऱ्याच्या नागरिकत्वातच बायकोचं नागरिकत्व आलं. म्हणून आजीचा स्वतंत्र कागद सापडत नाही, यात तिचा दोष नाही.

राज्य ठरलं तरी गाव उरतंच. आपल्याकडे वडगावं आणि पिंपळगावं जितकी, तितकी तिकडे नॉयश्टाट आणि नॉयकिर्शेन. इथे १९१२ सालचा मायरचा स्थलकोश हाताशी ठेवावा लागतो. साम्राज्यातलं जवळजवळ प्रत्येक खेडं त्यात आहे, जिल्ह्यासह आणि तिथे चर्च होतं की नव्हतं या माहितीसह. गावात चर्च नसेल तर बाप्तिस्मा शेजारच्या गावच्या वहीत मिळणार.

नावाचा प्रवास

एलिस आयलंडवरच्या अधिकाऱ्याने आमचं आडनाव बदललं, ही अमेरिकेतली घराघरातली कथा आहे. ती सोडून द्यावी. तिथले निरीक्षक नावं नव्याने लिहीत नसत. युरोपच्या बंदरात बोटीच्या कंपनीने भरलेली यादी समोर ठेवून ते माणसं तपासत. शिवाय ते केंद्र उघडलं १ जानेवारी १८९२ ला, आणि जर्मनांची मोठी लाट तोवर ओसरत आली होती. नावं बदलली ती बहुधा माणसांनी स्वतः, हळूहळू, सोयीसाठी. हाइनरिश श्टाइनवेग १८५० मध्ये न्यूयॉर्कला आला, १८५३ मध्ये पियानोचा कारखाना स्टाइनवे या नावाने उभा राहिला आणि कुटुंबाने कायद्याने आडनाव बदललं ते १८६४ मध्ये. म्हणजे दहा-बारा वर्षं एकाच घरात दोन नावं नांदत होती. बव्हेरियातल्या बुटेनहाइमचा ल्योब श्ट्राउस अमेरिकेत लेव्ही स्ट्रॉस झाला, ज्याचं नाव पुढे जीन्सवर आलं. श्मिटचा स्मिथ आणि त्सिमरमानचा कार्पेंटर होणं हा तर सरळ अनुवाद.

पण गोंधळाचं मूळ जर्मनीतच आहे. मुलाला बाप्तिस्म्यात दोन-तीन नावं मिळत. पहिलं बहुधा योहान, आणि ते हाक मारायला नसेच. हाकेचं नाव पुढचं. त्यामुळे चर्चच्या वहीतला योहान फ्रीडरिश विल्हेल्म अमेरिकेत फक्त विल्यम म्हणून भेटतो आणि त्याचे तिन्ही भाऊसुद्धा वहीत योहानच असतात. वेस्टफालिया, लिप आणि ओस्नाब्र्युकच्या पट्ट्यात आडनाव माणसाला चिकटत नसे, शेतीवाडीला चिकटे. वारसदार मुलीशी लग्न करून जो घरजावई झाला त्याने त्या वाडीचं नाव घ्यायचं. वहीत तो ‘अमुक गेनान्ट तमुक’ असा येतो. गेनान्ट म्हणजे ‘म्हणून ओळखला जाणारा’. परिणामी दोन सख्ख्या भावांची आडनावं वेगळी, आणि कागद कुठेही चुकलेला नाही. पूर्व फ्रिसलंडमध्ये वडिलांचं नाव हेच मुलाचं आडनाव होई, आपलं मधलं नावच शेवटी आणून बसवावं तसं. नेपोलियनच्या राजवटीने १८११ मध्ये तिथे कायमची आडनावं घ्यायला लावली, तरी जुनी सवय पुढे रेंगाळली. जुन्या वह्यांत बाईच्या आडनावाला ‘इन’ लागतं. म्युलरची बायको म्युलरिन. हे वेगळं आडनाव समजून कितीतरी आज्या वंशावळीतून गायब झाल्या आहेत.

यात भर लिपीची. जर्मनीत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत कुरेंट नावाचं वळणाचं हस्तलेखन चाले. रोमन लिपी येणाऱ्यालाही ते वाचता येत नाही, जसं देवनागरी येणाऱ्याला मोडी लागत नाही. छोटा ‘एन’ आणि छोटा ‘ई’ दोन्ही दोन तिरप्या रेघांचे. ‘यू’ म्हणजे तोच ‘एन’, फक्त डोक्यावर एक छोटी चंद्रकोर, आणि लेखनिक घाईत असेल तर तीही नाही. मोठ्या अक्षरांत ‘के’ आणि ‘आर’ सहज एकमेकांत मिसळतात, तसेच ‘बी’, ‘एल’ आणि ‘सी’. आडनावाचं पहिलंच अक्षर चुकलं की संगणकाच्या सूचीत तो माणूस मेल्यातच जमा.

तारीख कोणत्या पंचांगाची

आपल्याकडे १ जून या दिवशी किती माणसं जन्मली, हे शाळेच्या दाखल्यांवरून ठरवायचं तर हसू येईल. तारीख मास्तरांनी घातली हे आपल्याला ठाऊक असतं. जर्मन नोंदींतही तारीख कोणी घातली हेच बघायचं. चर्चच्या वहीत मुख्य नोंद बाप्तिस्म्याची. जन्म त्याच्या आदल्या एक-दोन दिवसांतला, आणि जुन्या वह्यांत तो लिहिलेलाच नसतो. त्यामुळे ‘जन्म १२’ आणि ‘जन्म १४’ हा वाद पुष्कळदा दोन वेगळ्या प्रसंगांचा असतो. जर्मन माणूस आधी दिवस लिहितो मग महिना, अमेरिकन उलट. ४-७ चा जुलै की एप्रिल हे लिहिणाऱ्याच्या हातावर ठरतं. वहीत ‘७बर’ दिसलं तर तो जुलै नव्हे. लॅटिन सेप्टेम हा आपल्या ‘सप्त’चाच भाऊ, म्हणून ७बर म्हणजे सेप्टेंबर. त्याच न्यायाने ८बर, ९बर आणि १०बर हे ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर.

अठराव्या शतकात मागे गेलं की पंचांगच बदलतं. जर्मनीच्या प्रोटेस्टंट राज्यांनी १८ फेब्रुवारी १७०० नंतर थेट १ मार्च केला. कॅथलिक राज्यं शंभरेक वर्षं आधीच नव्या पंचांगावर गेली होती. ब्रिटिशांच्या ताब्यातल्या पेनसिल्व्हेनियात मात्र १७५२ पर्यंत जुनंच चालू. १७५० साली फिलाडेल्फियात उतरलेल्या माणसाच्या घरच्या बायबलातली तारीख आणि बंदरावरच्या नोंदीतली तारीख यांत अकरा दिवसांचा फरक पडला तर दोन्ही खऱ्या असू शकतात. ऱ्हाइनच्या डाव्या तीरावर १७९८ पासून फ्रेंचांनी जन्ममृत्यूची सरकारी नोंद सुरू केली, ती १८०५ अखेरपर्यंत क्रांतीच्या पंचांगात. त्याचं वर्ष सप्टेंबरात सुरू होई, म्हणून रूपांतर करताना साल एकाने हमखास चुकतं.

वयाचं तर बोलायलाच नको. माणूस स्वतःही स्वतःच्या वयाबद्दल विश्वासाचा साक्षीदार नसतो. जर्मन वंशाचा, बॉल्टिमोरमध्ये जन्मलेला बेसबॉलपटू बेब रूथ ७ फेब्रुवारी १८९४ हाच आपला वाढदिवस धरून होता. १९३४ मध्ये जपान दौऱ्यासाठी पासपोर्ट काढायची वेळ आली तेव्हा दाखला निघाला ६ फेब्रुवारी १८९५ चा. त्याने वाढदिवस बदलला नाही. आयुष्यभर त्याच्या तोंडून निघालेली तारीख शंभर कागदांवर गेली असेल, पण ते शंभर पुरावे नव्हेत. साक्षीदार एकच.

जहाजं, याद्या आणि जळालेले कागद

काही वाद नोंदी परस्परविरोधी असल्याने होत नाहीत. मधला कागदच गहाळ असल्याने होतात. हांबुर्ग बंदराच्या प्रवासी याद्या १८५० ते १९३४ पर्यंतच्या टिकल्या आणि त्यांत प्रवाशाचं शेवटचं राहतं गाव आहे. ब्रेमेनचं दुर्दैव वेगळं. तिथे १८७५ ते १९०८ या काळात जागा नाही म्हणून जुन्या याद्या दोन-तीन वर्षांनी नष्ट केल्या जात. बाकीच्या दुसऱ्या महायुद्धात गेल्या. उरल्या त्या १९२० ते १९३९ मधल्या २,९५३ याद्या. म्हणून ब्रेमेनहून निघालेल्यांचं गाव अमेरिकेकडच्या कागदांतून हुडकावं लागतं. तिथे १८२० पासूनच्या याद्यांत बहुतेक वेळा फक्त देश असे. हांबुर्गहून निघालेले कित्येक जण आधी इंग्लंडच्या हल बंदरात, तिथून रेल्वेने लिव्हरपूलला आणि मग न्यूयॉर्कला जात. अमेरिकेतल्या यादीत ते लिव्हरपूलहून आलेले दिसतात आणि शोधणारा इंग्लिश पूर्वज मिळाल्याच्या आनंदात भरकटतो.

अमेरिकेतही आगीने हात मारला आहे. १८९० ची जनगणना १९२१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये लागलेल्या आगीत होरपळली आणि पुढे तिचे उरलेले बहुतेक कागदही नष्ट करण्यात आले. म्हणजे १८८२ च्या सर्वांत मोठ्या लाटेतला माणूस जनगणनेत पहिल्यांदा दिसतो तो १९०० साली, १८ वर्षांनी. तोपर्यंत नाव बदललेलं, वय गोळाबेरीज झालेलं. प्रगणकाला माहिती कोणी दिली हेही कळत नाही. घरमालकीण, मुलगा की शेजारी? माहिती देणाऱ्यापुढे खूण करण्याची पद्धत १९४० च्या जनगणनेत आली.

खोटं बोलायला कारण असलेली माणसं

नोंद ठेवणारे बहुतेक जण प्रामाणिक होते आणि सांगणारेही. पण काहींना कारण होतं. सैन्यातली सक्तीची नोकरी चुकवून पळालेला तरुण परवानगीचा कागद मागे ठेवून जात नाही. फाल्त्समधल्या कालश्टाटचा फ्रीडरिश ट्रम्प १८८५ मध्ये १६ व्या वर्षी असाच निघाला. पैसे कमावून १९०४ मध्ये बायकोसह गावी परतला तेव्हा बव्हेरियाच्या सरकारने जुनं प्रकरण उकरून १९०५ मध्ये त्याला देश सोडायला लावलं. पुढे त्याच्या मुलाने घराणं स्वीडिश असल्याचं सांगायला सुरुवात केली. महायुद्धाच्या काळात न्यूयॉर्कमध्ये ज्यू भाडेकरू असताना जर्मन म्हणवून घेणं सोयीचं नव्हतं, असं त्याचं कारण घरातूनच पुढे सांगितलं गेलं. नातू डॉनल्ड ट्रम्प यांच्या १९८७ च्या पुस्तकातही आजोबा स्वीडनचे आहेत. एकीकडे छापील पुस्तक, दुसरीकडे गावची वही आणि हद्दपारीचं प्रकरण. कोणता कागद भारी हे सांगायला नको. पण स्वीडनची नोंद फेकून देऊ नये. १९४० च्या दशकातल्या न्यूयॉर्कविषयी ती खरंच बोलते.

काही वेळा लपवाछपवी कायद्यानेच करायला लावलेली असते. बव्हेरियात १८६८ पर्यंत गरिबाला लग्नासाठी गावसभेची परवानगी लागे. ती न मिळाल्याने मुलं आधी होत आणि लग्न नंतर, कधी अमेरिकेत पोहोचल्यावर. मेक्लेनबुर्गमध्येही हीच गत. अशा घरातल्या मोठ्या मुलाचा बाप्तिस्मा आईच्या आडनावाने आणि बोटीवरची नोंद बापाच्या आडनावाने. पाद्र्याने पुढे कधी समासात बारीक अक्षरात बापाचं नाव टिपलेलं असतं. सूचीत समास येत नाही.

१९३३ नंतर नाझींनी सरकारी नोकरीसाठी आर्य वंशाचा दाखला मागायला सुरुवात केली आणि लाखो लोक चर्चच्या वह्यांतून आजी-आजोबांचे उतारे काढत सुटले. ते उतारे आज कुळशोधात फार उपयोगी पडतात. तरीही ते ज्या भीतीपोटी काढले गेले ती लक्षात ठेवून वाचावेत. ज्या नावामुळे नोकरी जाणार ते नाव वगळण्याचं कारण प्रत्येकापाशी होतं.

उलटतपासणीची रीत

अमेरिकेतल्या कुळशोधकांनी यासाठी एक कसोटी ठरवली आहे. तिची अंगं पाच. शक्य तितका पूर्ण शोध, प्रत्येक पुराव्याचा पत्ता, पुराव्यांची तुलना, विरोधी पुराव्याचं निराकरण आणि कारणांसह लिहिलेला निष्कर्ष. चौथं अंग सगळ्यात दुबळं राहतं, कारण न पटणारा कागद बाजूला सारण्याचा मोह मोठा. या पद्धतीतला सर्वांत उपयोगी भेद असा की कागद आणि माहिती वेगवेगळी तोलायची. मूळ वही आणि तिची सूची यांत वही वरचढ. पण मूळ वहीतही प्रत्यक्ष पाहिलेल्याची माहिती आणि ऐकीव माहिती शेजारी शेजारी असते. मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूची तारीख डॉक्टरने पाहिलेली, जन्माची तारीख सुनेने ऐकलेली.

जर्मनीत गावोगावच्या हौशी अभ्यासकांनी चर्चच्या वह्यांवरून ओर्ट्सफामिलिएनबुख म्हणजे गावच्या कुटुंबांची पुस्तकं तयार केली आहेत. ती वाट झटकन दाखवतात. पण शेवटी वहीचं पान बघावंच लागतं. प्रोटेस्टंट वह्यांसाठी आर्किऑन आणि कॅथलिक वह्यांसाठी मात्रिकुला या संकेतस्थळांमुळे ते आता घरबसल्या जमतं. डीएनए चाचणी नातं सांगते, गाव आणि साल सांगत नाही. आणि माणूस एकटा शोधू नये. जर्मन खेडी तुकड्यातुकड्याने नाही, घोळक्याने अमेरिकेत गेली. शेजारी, लग्नाचे साक्षीदार, मुलांचे धर्मपिता हे सगळे मिळून शोधले की एकाच्या कागदात नसलेलं गाव दुसऱ्याच्या कागदात सापडतं.

पुन्हा सुताराकडे

आता टेबलावरचे ते कागद. पणतूने नाव सूचीत टाकलं आणि ओस्नाब्र्युकजवळच्या एका गावात अचूक नावाचा बाप्तिस्मा मिळाला, १८३१ चा. जहाजाच्या यादीतल्या वयाशीही तो साधारण जुळला. बहुतेक जण इथे थांबतात. पणतूने दफनाची वही उघडली. ते मूल १८३२ मध्ये, चौदा महिन्यांचं असताना गेलं होतं. मेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला ठेवायची रीत होती. म्हणून त्याने बाप्तिस्म्याची वही पान-पान चाळली. १८३३ मध्ये तेच नाव पुन्हा होतं. जन्म १२ फेब्रुवारी, बाप्तिस्मा १४ ला. सूचीत ते नव्हतं, कारण कोणीतरी ‘के’चा ‘आर’ वाचला होता. धर्मपित्याचं आडनाव त्याला ओळखीचं वाटलं. १८६० च्या जनगणनेत सुताराच्या शेजारच्या घरात तेच आडनाव होतं. गाव पक्कं झालं ते या शेजाऱ्यामुळे.

१८७० चं ३५ हे वय प्रगणकाला दारात कोणी सांगितलं, आता कळणार नाही. जहाजाच्या यादीतलं २४ हे सूचीतलं. मूळ पानावर शेवटचा आकडा जर्मन वळणाच्या लांब शेपटीच्या १ सारखाही दिसतो, म्हणजे २१. ठरवता येत नाही. पणतूने तसंच लिहून ठेवलं.

राहिला मृत्यूचा दाखला. त्यावर तारीख बिनचूक आणि गाव चूक. एकच कागद, सांगणारी एकच सून. ती सासऱ्याचा वाढदिवस दर वर्षी करत होती. त्याचं गाव तिने कधी पाहिलं नव्हतं.